माहूर-किनवटचा इतिहास नेमका कोणाच्या इतिहासात बसवायचा?

पैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या किनवटच्या काही शिक्षकांनी आणि निवृत्त मंडळींनी मिळून माहूर-किनवट भागाचा इतिहास लिहायचं मनावर घेतलंय. साधनं गोळा करणं सुरू आहे, पण पहिल्याच बैठकीत अनुक्रमणिकेवरून घोडं अडलं. निम्म्या लोकांचं म्हणणं असं, की आपण मराठवाड्यातले, तेव्हा मराठवाड्याच्या इतिहासाचा ठरलेला सांगाडा घ्यावा: सातवाहन, राष्ट्रकूट, यादव, बहमनी, निजामशाही, मुघल, असफजाही, मुक्तिसंग्राम. आणि प्रत्येक प्रकरणात आपल्या भागाचं जे सापडेल ते भरत जावं.

माझी अडचण अशी, की आमचा भाग या सांगाड्यात नीट बसत नाही. महमूद गावानने बहमनी राज्यातल्या चार तरफांच्या (प्रांतांच्या) आठ केल्या, तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग झाले: गाविल आणि माहूर. म्हणजे माहूर वऱ्हाडात. पुढे इमादशाही, म्हणजे परत वऱ्हाडच. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने वऱ्हाड जिंकलं आणि १५९६ मध्ये ते मुघलांना द्यावं लागलं. निजामशाहीतलं आमचं आयुष्य एवढंच. मुघलांच्या हिशेबात माहूर सरकार (म्हणजे सुभ्याचा एक विभाग) वऱ्हाड सुभ्यात. हैदराबाद संस्थानाच्या शेवटच्या काळात किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे तेलंगणाच्या बाजूला. नांदेड जिल्ह्यात आम्ही आलो ते १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत.

मग इतिहास लिहिताना प्रदेश ठरवतात कसा? आजचा नकाशा हातात घेऊन मागे मागे जायचं, की त्या त्या काळच्या लोकांना जो आपला मुलूख वाटत होता तो धरायचा? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

वर्गशिक्षिका

उत्तम उपक्रम, शुभेच्छा. माझं मत सरळ आहे. वाचणारं पोर आज नांदेड जिल्ह्यात राहतं. त्याला आपला तालुका, जिल्हा, राज्य यांतून मागे नेलं तर ते तुमच्याबरोबर येईल. पहिल्या पानावर वऱ्हाड, दुसऱ्यावर तेलंगणा आणि तिसऱ्यावर मराठवाडा आला तर ते पुस्तक मिटून ठेवेल. मी अनेक वर्षं पाचवी ते सातवीला इतिहास शिकवतेय. नकाशा बदलला की वर्गातले अर्धे चेहरे कोरे होतात. आजची हद्द घ्या आणि प्रस्तावनेत एक परिच्छेद लिहून खुलासा करा.

खानदेशी_वारं

वर्गशिक्षिकाताई, आजची हद्द घेतली तर आमच्या खानदेशाचं काय होतं ते सांगतो. फारुकी सुलतानांचं खानदेश दोनशे वर्षांहून जास्त टिकलं. राजधानी बुऱ्हाणपूर, भरवशाचा किल्ला असीरगड. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि ते राज्य संपलं. आज बुऱ्हाणपूर आणि असीरगड दोन्ही मध्य प्रदेशात. १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, त्यांचे पुढे जळगाव आणि धुळे झाले. आता 'खानदेशचा इतिहास' म्हणून जी पुस्तकं निघतात त्यांत धुळे-जळगाव-नंदुरबार घरोघर फिरून येतात आणि बुऱ्हाणपूर चार ओळींत आटोपतं. राजधानीशिवाय राज्याचा इतिहास कसा लिहिणार? बुऱ्हाणपूर रावेरहून किती जवळ आहे! तिथल्या बाजारात आजही मराठी ऐकू येते.

राजुरेकर

तुम्ही एकदाच जिल्हा बदललात. आमचं राजुरा आदिलाबादेत होतं, १९५६ ला नांदेडात आलं आणि १९५९ ला चांद्याला (आजचं चंद्रपूर) जोडलं गेलं. माझ्या आजोबांनी एकाच घरात राहून तीन जिल्हे पाहिले. वाचतोय, पुढचे प्रतिसाद येऊ द्या.

जुनं_दप्तर

विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रदेश इतिहासकार ठरवतो असं आपण म्हणतो, पण माझा अनुभव असा की बहुतेक वेळा तो दप्तर ठरवतं. कागद जिथे आहेत, ज्या भाषेत आहेत आणि ज्या सरकारने ज्या हद्दीसाठी लिहून घेतलेत, त्या हद्दीत इतिहासकार नकळत अडकतो. पुण्यात पेशवे दप्तर आहे, मोडीतले कागदांचे ढीगच्या ढीग. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' १८९८ पासून छापायला घेतली, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. हे काम डोंगराएवढं आहे, त्यांचं ऋण फिटणार नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की देश आणि कोकण यांचा इतिहास गावागावापर्यंत उतरला आणि 'महाराष्ट्राचा इतिहास' म्हटलं की तोच डोळ्यापुढे येऊ लागला. मराठवाड्याचे कागद फारसी आणि उर्दूत, आणि ठेवलेले हैदराबादला. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, त्यांचा कारभार तिसऱ्याच वाटेने इंग्रजी दप्तरात गेला. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, तरी कागदोपत्री निजामाचंच. म्हणजे एकाच मराठी मुलखाचा इतिहास शोधायला चार गावी चार लिप्या वाचत हिंडावं लागतं. बहुतेक जण एकाच गावी थांबतात, आणि मग त्या दप्तराची हद्द हीच प्रदेशाची हद्द होऊन बसते.

तुमच्या भागातला एक जुना महसुली कागद मी हाताळला आहे. कागद जाड, कडेने वाळवी लागलेला. वर उर्दूत छापील रकाने: मौजा, तालुका, जिल्हा, सुभा. गावाचं नाव अस्सल मराठी, पाटलाची सही मोडीत, तलाठ्याची उर्दूत. तालुका किनवट, जिल्हा आदिलाबाद आणि सुभ्याच्या रकान्यात वरंगल. वर्ष फसली, म्हणजे जुन्या महसुली सनातलं. हैदराबादच्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, हे तुमच्या मंडळींना आधीच सांगून ठेवा. नाहीतर १३५७ फसली वाचून कोणीतरी बहमनी काळात जाईल. ते १९४७-४८ आहे.

या एका कागदावर तीन मुलूख आहेत. तो मराठवाड्याच्या प्रकरणात टाकला तर वरंगलचा रकाना पुसावा लागतो. तेलंगणाच्या इतिहासात टाकला तर पाटलाची मोडी सही पुसावी लागते.

अभ्यासू_मुंगी

दप्तरकाका, प्रतिसाद जपून ठेवला. हैदराबाद गॅझेटियरचं नाव आरक्षणाच्या निमित्ताने घरोघरी पोचलं, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की मराठवाड्याचा जुना सरकारी कागद पुण्या-मुंबईत नसतो.

बेळगावी_कुंदा

दप्तर नंतरची गोष्ट झाली. आधी भाषा. प्रदेश भाषेनेच ठरतो आणि हे आजचं नाही. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात दुसरा पुलकेशी तीन महाराष्ट्रकांचा आणि ९९ हजार गावांचा अधिपती झाला असं रविकीर्तीने कोरून ठेवलंय. म्हणजे सातव्या शतकात महाराष्ट्र नावाचा ओळखीचा प्रदेश होता. ज्ञानेश्वरीच्या शेवटी महाराष्ट्रमंडळ येतं, गोदावरीचा काठ येतो, रामदेवरायाचं नाव येतं. आणखी काय पुरावा हवा?

जुनं_दप्तर

कुंदाताई, प्रदेश होता हे मान्यच. त्याची कड कुठे होती, हा प्रश्न आहे. ऐहोळेचा लेख आजच्या बागलकोट जिल्ह्यात आहे आणि त्यात ज्याचं कौतुक आहे तो राजा बदामीचा. त्याने महाराष्ट्रकं जिंकली, म्हणजे लेखातला महाराष्ट्र त्याच्या घरापासून वेगळा आहे. दुसऱ्या बाजूने कन्नडमधला 'कविराजमार्ग' पाहा. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या दरबारातला ग्रंथ. त्यात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितलाय. गोदावरी! म्हणजे ज्या नदीच्या काठी आपण महाराष्ट्र सांगतो, तिथवर त्यांचा कन्नड देश. सीमाप्रश्नावर दोन्हीकडची भाषणं मी ऐकली आहेत. एक बाजू ऐहोळे उचलते, दुसरी कविराजमार्ग, आणि दुसऱ्याचा पुरावा कोणी तोंडातून काढत नाही.

वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळातलं. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट आज कलबुर्गी जिल्ह्यात. देवगिरीच्या यादवांचे कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत. आणि उलट, 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही मराठी ओळ श्रवणबेळगोळला आहे. त्या राजांना दोन भाषांत लेख कोरताना काही अडचण वाटली नाही.

बेळगावी_कुंदा

तुमचा अभ्यास दांडगा आहे, पण एक विचारते. १९५६ नंतर ज्यांच्या मुलांची शाळा, सातबारा आणि गावच्या वेशीवरची पाटी बदलली, त्यांना तुम्ही काय सांगणार? की हद्दी पूर्वीपासून धूसरच होत्या? आमच्या घरात या लढ्यात तुरुंगात गेलेली माणसं आहेत. त्यांच्यासाठी प्रदेश म्हणजे स्वतःच्या भाषेत कागद वाचायचा हक्क होता.

जुनं_दप्तर

त्यांच्या लढ्याबद्दल मनात पूर्ण आदर आहे. हक्क आजच्या माणसाच्या भाषेवर उभा आहे आणि तो तसाच पक्का आहे. त्याला सातव्या शतकाच्या टेकूची गरजच नाही. तो टेकू दिला की समोरचा नवव्या शतकाचा आणतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

अभ्यासू_मुंगी

भाषेवरून आठवलं, महानुभावांकडे याचं फार सुंदर वर्णन आहे. चक्रधरस्वामींनी शिष्यांना महाराष्ट्रात राहायला सांगितलं, कानड देशात आणि तेलंग देशात जाऊ नका म्हणाले. पुढच्या भाष्यकारांना प्रश्न पडला की महाराष्ट्र म्हणजे कुठपर्यंत. त्यांनी खंडमंडळं सांगितली. फलटणपासून दक्षिणेला मराठी जिथवर चालते ते एक, तिथून उत्तरेला बालाघाटाच्या टोकापर्यंत दुसरं, गोदावरीचे दोन्ही काठ तिसरं, पुढे मेहकरच्या घाटापर्यंत चौथं, आणि त्यापलीकडचं सगळं वऱ्हाड पाचवं. भाषेत थोडाथोडा पालट आहे, तरी सगळं मिळून महाराष्ट्रच म्हणायचं.

ही मंडळी पायी फिरणारी होती. राजाची हद्द त्यांनी सांगितलीच नाही, भिक्षा मागताना कोणती बोली कानावर पडते ते सांगितलं. आणि या यादीत कोकण नाही! रत्नागिरीकरांनी रागावू नये :)

पैनगंगाकाठ, तुमचं माहूर या हिशेबाने वऱ्हाडाच्या मंडळात, आणि तेलंग देशाच्या अगदी उंबऱ्यावर.

पैनगंगाकाठ

मुंगीताई, खूप खूप आभार! हा संदर्भ आमच्या कोणाच्याच नजरेत नव्हता. दत्तशिखरामुळे माहूर महानुभावांनाही जवळचं, त्यामुळे हा भाग पुस्तकात येणारच.

तिसवाडीकर

गोव्याचं उदाहरण देतो. 'गोव्यात साडेचारशे वर्षं पोर्तुगीज होते' हे वाक्य सगळे म्हणतात. १५१० ते १९६१, म्हणजे ४५१ वर्षं, बरोबर. पण हे खरं आहे तिसवाडी तालुक्यापुरतं. बार्देश आणि साष्टी थोडे नंतर त्यांच्या हाती गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादी, म्हणजे नंतर जिंकलेले मुलूख. त्या अठराव्या शतकात एकेक करून आल्या, तोवर तिथे सौंधेकर, सावंतवाडीकर, मराठे असे वेगवेगळे धनी होते. इन्क्विझिशनचा, देवळं मोडण्याचा जो काळ इतिहासात गोव्याचा म्हणून सांगतात, त्या काळात फोंडा पोर्तुगीज नव्हताच. म्हणून तर देव तिकडे नेले. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा आज फोंड्यात आहेत याचं कारण तेव्हाची हद्द.

आजचा गोवा घेऊन मागे गेलात, तर देव एका गावातून दुसऱ्या गावात गेले एवढंच दिसतं. तेव्हाचा नकाशा घेतला तर ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, रात्रीच्या वेळी, नदी ओलांडून गेले हे कळतं.

आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला तेव्हा दोन्ही बाजूंनी इतिहासच पुढे केला होता. आमच्या घरात आजोबा आणि काका दोन बाजूंना होते, जेवायला मात्र एकाच पंगतीत बसायचे.

सह्याद्रीपुत्र

धागा छान आहे, पण एक काळजी वाटते म्हणून लिहितो. प्रत्येक तालुक्याने आपापली चौकट काढली तर महाराष्ट्राचा इतिहास उरेल का? संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर लिहिलं ते एका राष्ट्राची घडण म्हणून. रामदासांचा महाराष्ट्र धर्म त्यांनी त्याच्या मुळाशी ठेवला. आता आपण म्हणायचं की माहूर वऱ्हाडातलं, किनवट तेलंगणातलं, गोव्याचेही दोन भाग. मग जोडणारं सूत्र कोणतं?

जुनं_दप्तर

सह्याद्रीपुत्र, रास्त प्रश्न. रानडे कशासाठी लिहीत होते तेही पाहा. ग्रँट डफचा इतिहास १८२६ चा. त्यात मराठ्यांचा उदय सह्याद्रीतल्या वाळल्या गवताला लागलेल्या वणव्यासारखा, अचानक, असा सूर आहे. रानड्यांना दाखवायचं होतं की यामागे समाजाची, संतांची, भाषेची मोठी तयारी होती. पारतंत्र्यात बसून ते एका समाजाला सांगत होते की आपण घडलेलो आहोत. 'राष्ट्र' ही चौकट त्यांनी विचारपूर्वक घेतली, त्या प्रश्नाला ती शोभली आणि त्या चौकटीने पिढ्या उभ्या केल्या. त्यांचा प्रश्न होता मराठी सत्ता कशी उभी राहिली. पैनगंगाकाठांचा प्रश्न आहे या डोंगरात राहणाऱ्या माणसांचं काय काय झालं. प्रश्न बदलला की मुलूखही बदलतो.

आणि मराठ्यांनी तरी एकच नकाशा कुठे वापरला? १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून तीन सनदा आणल्या: स्वराज्याची, चौथाईची, सरदेशमुखीची. स्वराज्य म्हणजे साधारण शिवछत्रपतींच्या वेळचा मुलूख, आणि चौथाई-सरदेशमुखी दख्खनच्या सहा सुभ्यांवर. ते सहा सुभे मुघलांनी आखलेले, त्यात तुमचं वऱ्हाडही. पेशव्यांच्या फडात हे दोन्ही नकाशे शेजारीशेजारी होते.

खानदेशी_वारं

सह्याद्रीपुत्र यांच्या मुद्द्याला धरूनच माहूरचं एक उदाहरण. रायबागन. माहूरच्या देशमुख घराण्यातली बाई, मुघलांच्या चाकरीत, हाताखाली फौज. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं, तेव्हा ती खानाबरोबर होती आणि शरण जायचा शहाणा सल्ला तिनेच दिला असं सांगतात. मराठ्यांच्या इतिहासात ती दोन ओळींपुरती येते, तीही शत्रूच्या गोटात. माहूरच्या इतिहासात मात्र सतराव्या शतकातली ती सगळ्यात मोठी असामी. तिचं घराणं मुघलांकडे का गेलं, माहूरचं वतन कसं सांभाळलं, एका बाईच्या हाती फौज कशी आली, हे प्रश्न माहूरच्या गडावर उभं राहूनच विचारता येतात. तिला शत्रू म्हणून वगळू नका आणि ओढूनताणून आपल्या बाजूलाही आणू नका.

सह्याद्रीपुत्र

रायबागनचा मुद्दा पटला. सूत्राचा प्रश्न मात्र माझ्या मनात कायम आहे.

तंजावुरी

आम्हाला कोणी कोणत्याच इतिहासात घेत नाही, म्हणून हात वर करतो. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ चा भोसले घराण्याचा इतिहास कोरलाय, मराठीत आणि प्रचंड लांब. महाराष्ट्राच्या इतिहासात आम्ही 'बृहन्महाराष्ट्र' या शेवटच्या प्रकरणात, तमिळनाडूच्या इतिहासात 'परकी राजवटी' या प्रकरणात. घरी बोलतो ती मराठी ऐकून पुण्याचे लोक हसतात, पण आमचं सांबार आवडीने खातात.

व्रोत्सवाफहून

मी नोकरीनिमित्त पोलंडमध्ये, व्रोत्सवाफला असते. हा धागा वाचून राहवलं नाही. हे शहर १९४५ पर्यंत जर्मन होतं, नाव ब्रेस्लाउ. त्याआधी पिआस्ट घराणं, बोहेमिया, हाब्सबर्ग, मग अठराव्या शतकात प्रशिया. १९४५ नंतर सीमा सरकल्या, जर्मन लोकांना घालवलं गेलं आणि रिकाम्या घरांत पोलिश लोक आले. त्यांतले कितीतरी ल्वूफहून, जे आज युक्रेनमधलं ल्वीव. सोबत तिथल्या ओसोलिनेउम ग्रंथालयाचा संग्रहही इथे आला. म्हणजे इथल्या लोकांच्या आठवणी दुसऱ्या शहराच्या आणि इथल्या भिंती दुसऱ्या लोकांच्या.

खुद्द पोलंड १७९५ ते १९१८ नकाशावर नव्हता. तरी पोलिश इतिहासात त्या १२३ वर्षांचं पान कोरं नाही. भाषा, कविता, उठाव, परदेशातले निर्वासित यांच्यावर तो इतिहास चालू राहतो. शहराचा इतिहास सांगायचा झाला तर मात्र तो धागा पुरत नाही, कारण त्या काळात इथे जर्मन बोलणारे लोक राहत होते. इथल्या संग्रहालयात शहराची हजार वर्षं सलग मांडली आहेत. राज्यकर्ता बदलतो तसं नाण्यांवरचं चिन्ह आणि कागदांची भाषा बदलत जाते, शहर तेच राहतं. म्हातारे पोलिश लोक जर्मन काळातल्या दुकानांच्या पाट्या बघत तिथे बराच वेळ उभे असतात. पैनगंगाकाठ, तुम्हाला याचा उपयोग व्हावा.

जाता जाता: दुसऱ्या महायुद्धात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहत होते. इथे कोल्हापूर म्हटलं की कोणीतरी हमखास वळिवड्याची आठवण काढतं.

करवीरकर

वळिवड्याचा उल्लेख वाचून बरं वाटलं! ती पोलिश मंडळी नंतरही भेटीला येत राहिली. त्यावर वेगळा धागा काढायला हवा.

तांड्यावरचा

सगळे प्रतिसाद वाचले. ऐहोळेपासून पोलंडपर्यंत सगळं आलं, आता किनवटच्या माणसांबद्दल थोडं बोलू द्या. मी त्याच भागातल्या तांड्यावरचा आहे.

किनवटच्या बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी, कोलामी आणि आमची गोरमाटी (बंजारा बोली), सगळं एका वेळी ऐकू येतं. १९५६ ची रेघ भाषा बघून मारली असं म्हणतात. कोणाची भाषा? गोंड आणि कोलाम रेघेच्या दोन्हीकडे राहिले. कुमराम भीमने निजामाच्या जंगल खात्याविरुद्ध उठाव केला आणि १९४० मध्ये जोडेघाटला तो मारला गेला. त्यानंतर सरकारने हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला पाठवलं. जोडेघाट आणि किनवट तेव्हा एकाच जिल्ह्यात होते. आज भीम तेलंगणाच्या इतिहासातला वीर आहे आणि मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकात तो बहुतेकदा नसतोच. किनवटच्या गोंडाने आपला माणूस कोणत्या पुस्तकात शोधायचा?

आमचं ऐका. बंजारे तेलंगणात अनुसूचित जमातीत आहेत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. एकाच गोताचे दोन भाऊ, एक आदिलाबादच्या बाजूला, एक किनवटच्या. पोरांच्या दाखल्यावर वेगळा प्रवर्ग. इतिहासकाराने ओढलेली आणि सरकारने ओढलेली रेघ आमच्या घरातून जाते. आणि आमचे पूर्वज तर बैलांचे तांडे घेऊन मिठाची, धान्याची वाहतूक करत सगळा मुलूख फिरायचे. त्यांचा इतिहास एका जिल्ह्यात कसा मावणार?

प्रदेश ठरवताना राजा कोण होता ते जरूर बघा, पण बाजार कुठला, जत्रा कुठली, मुलगी कुठल्या गावी दिली जाते, ढोरं चारायला कुठल्या जंगलात जातात, हेही बघा.

वर्गशिक्षिका

तांड्यावरचा भाऊ, तुमचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी असावी. माझ्या वर्गातल्या पोरांना राजांचे नकाशे कळत नाहीत, पण 'मामाचं गाव कुठल्या राज्यात' हा प्रश्न सगळ्यांना कळेल.

तरीही माझा आग्रह कायम आहे. पुस्तकात एक मुख्य नकाशा हवा, आणि तो आजचा हवा. बाकीचे त्याच्यावर दाखवा.

राजुरेकर

बाजाराचा मुद्दा लाखमोलाचा. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेने किनवटची बाजारपेठ किती बदलली तेही बघा. राज्याची हद्द एका रात्रीत बदलते, पण रेल्वेची वाट तीच राहते.

अभ्यासू_मुंगी

आणखी एक. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत पैनगंगा ही भारत आणि हैदराबाद यांच्यामधली हद्द होती. पलीकडे उमरखेडला मुक्तिसंग्रामाचा कॅम्प, अलीकडे रझाकारांची भीती. एका काठावर झेंडावंदन झालं आणि दुसऱ्यावर ते केलं तर तुरुंग. गंमत म्हणजे पलीकडचं वऱ्हाडही कायद्याने निजामाचंच मानलं जाई, त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब होता. या तेरा महिन्यांवर एक अख्खं प्रकरण होऊ शकतं. तेव्हा नदी ओलांडलेली माणसं आता नव्वदीत असतील. बाकीचं नंतर लिहिलं तरी चालेल, आधी त्यांच्याकडे जा.

पैनगंगाकाठ

मंडळी, तुमचे सगळे प्रतिसाद छापून काल बैठकीत नेले. चर्चा रात्री उशिरापर्यंत रंगली.

ठरलं ते असं. पुस्तकाचा विषय पैनगंगेच्या वळणातला, सातमाळा डोंगराच्या कुशीतला हा मुलूख, आजचे माहूर आणि किनवट हे दोन तालुके. एवढं स्थिर. बाहेरची चौकट प्रत्येक प्रकरणात बदलेल आणि ती का बदलली हे प्रकरणाच्या पहिल्याच पानावर लिहायचं. बहमनी ते मुघल काळात वऱ्हाड. असफजाहीत आदिलाबाद आणि वरंगल, त्यासाठी हैदराबादचे कागद. रायबागनला पूर्ण प्रकरण. कुमराम भीम आमच्याही पुस्तकात येणार, आदिलाबादच्या एका अभ्यासकांना तो भाग तपासून द्यायची विनंती केली आहे. वर्गशिक्षिकाताईंच्या सूचनेप्रमाणे आजचा नकाशा सुरुवातीला, आणि प्रत्येक जुना नकाशा त्याच मापात, त्याच कागदावर.

सह्याद्रीपुत्र, तुमच्या सूत्राचा प्रश्नही निघाला. आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, रेणुकामाता साडेतीन पीठांतली, दसऱ्याला कोल्हापूर-सोलापूरकडून माणसं येतात तशी आदिलाबाद-निजामाबादहूनही येतात. त्या वाटा काढा, त्या कोणकोणत्या गावांवरून जातात ते नोंदवा, मग महाराष्ट्राशी काय जोडलंय आणि तेलंगणाशी काय जोडलंय ते कागदावर दिसेल. हे काम या नवरात्रात करायचं ठरलंय.

एकाच मुद्द्यावर एकमत झालं नाही. पुस्तकाच्या नावात 'मराठवाडा' घालायचा की नाही. दोन जणांनी मुक्तिसंग्रामात घरची माणसं गमावली आहेत, त्यांना तो शब्द हवाच आहे, आणि त्यांना नाही म्हणायला कोणाचीच जीभ रेटली नाही.

सह्याद्रीपुत्र

यात्रेच्या वाटांची कल्पना फार आवडली. सोलापूरकडच्या वाटेची माहिती गोळा करायला मी मदत करतो. मराठवाडा नावात राहू द्या. ती माणसं त्याच नावासाठी लढली होती.

बेळगावी_कुंदा

सहमत. आणि तेलुगू बोलणाऱ्या घरांच्या आठवणी तेलुगूतच टिपून घ्या, भाषांतर नंतर करा. इकडे आमच्याबद्दल कोणी तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

तांड्यावरचा

तांड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना भेटवायचं काम माझ्याकडे. होळीच्या आसपास या, तेव्हा बाहेरगावी ऊसतोडीला गेलेली मंडळीही परतायला लागतात. जुनी गाणी म्हणणाऱ्या बायका आहेत, त्यांत तांड्याच्या वाटेवरच्या गावांची नावं येतात. आवाज टिपायचं यंत्र आणा.

जुनं_दप्तर

कामाची एक टीप. १९५१ ची जनगणना किनवटला आदिलाबाद जिल्ह्यात मोजते आणि १९६१ ची नांदेडमध्ये. दोन्हींच्या गावयाद्या शेजारी ठेवून ताडून पाहा. मधे कोणती गावं कोणत्या बाजूला गेली, कोणाची नावं बदलली, कोणती यादीतूनच नाहीशी झाली ते कळेल. नाहीशा झालेल्या गावांपासून सुरुवात करा. आणि १९५४ ची खासरा पत्रकं (जमिनीच्या नोंदी) तहसिलात मिळतील, ती उर्दू वाचणारा माणूस सोबत असल्याशिवाय बघायला जाऊ नका. मला कळवलंत तर मी येतो.